गाडीचा डोळा आणि आजीची पाणसळ

३ मार्च

मुंगे,

ओळख लागते का बघ. मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. मागच्या पत्राच्या शेवटी तू लिहिलं होतंस, 'बाकीचं उद्या लिहिते.' त्या उद्याला आज एक्केचाळीस दिवस झाले. मला अक्षर येत नसलं तरी दिवस मोजता येतात. भिंतीवर खडूने रेघा ओढल्यात, ये आणि पुसून जा.

पत्र नेहमीसारखं शेजारची नर्सबाई लिहून घेते आहे. ड्यूटीवरून आली, पाय गरम पाण्यात सोडले, मांडीवर ट्रे घेतला आणि म्हणाली, बोला. मी तिला सांगून ठेवलंय, मी बोलते तसंच लिहायचं, मला सुधारायचं नाही. आणि तू 'फोन कर की' म्हणू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं, उरलेलं अर्धं मी माझ्या मनाने भरते, आणि मग घरात भांडणं होतात.

आता मुद्द्याचं. काल तुझा काका आला आणि माझ्या खाटेवर असा बसला की खाटच ओरडली. "आई, तुझ्या नातीने मला लुटलं." म्हटलं, काय झालं? तर म्हणे दगड उडून गाडीची पुढची काच तडकली, म्हणून घरची पुतणी सोडून दुसरीकडे कशाला जा, असं म्हणत तुझ्या गाडीच्या काचांच्या शेडवर गेला. काचेचे पैसे घेतलेस, ते त्याला मान्य. पण वर काचेमागच्या कॅमेऱ्याचे वेगळे घेतलेस, जवळजवळ काचेएवढेच. "कॅमेरा तोच, गाडी तीच, मीही तोच. मग पैसे कसले?" आणि डिकीतले रंगाचे सगळे डबे त्याला स्वतःच्या हाताने खाली उतरवायला लावलेस. रंगाचं दुकान चालवणाऱ्या माणसाला डबे उचलायचा एवढा राग यावा, हे मला नवीनच कळलं.

मी तुझी बाजू घेतली. पण बाजू घेताना काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून नुसतीच मोठ्याने बोलले. तेव्हा मला नीट समजावून सांग. तुझा बापही म्हणतो आहे, सहा महिने बघू, नाहीतर आपल्या ऑफिसात एक खुर्ची रिकामी आहे. त्या खुर्चीत मला तू दिसत नाहीस. तुला खुर्ची दिली की तू आधी ती उलटी करून खिळे बघतेस.

तुझी आजी

(सही केली आहे. आडवी रेघ. नेहमीची.)

९ मार्च

आजी,

चुकले. रेघा पुसायला येते.

काकाला सांग, लुटलं नाही. मी त्याला सगळं समजावलं होतं, पण तेव्हा तो डबे मोजत होता.

आरशाच्या मागे, काचेला आतून चिकटून, एक छोटा कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पट्टे बघतो, पुढची गाडी बघतो, आणि चालकाचं लक्ष नसेल तर चाक जरा वळवतो किंवा ब्रेक लावतो. काच बदलली की तो कॅमेरा काढून पुन्हा बसवावा लागतो. केसभर जरी तिरका बसला, तरी शंभर पावलांवरची वस्तू त्याला शेजारच्या पट्ट्यात दिसते. म्हणून त्याला पुन्हा शिकवावं लागतं, सरळ म्हणजे काय ते. गाडीसमोर काळ्यापांढऱ्या चौकटींची मोठी पाटी उभी करायची, अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं, आणि यंत्र जोडून कॅमेऱ्याला सांगायचं, बाबा, हे समोर आहे.

आता पैसे का कमीजास्त होतात. काही गाड्यांना नुसती पाटी पुरते. काहींना पाटी नको असते, पण पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर ठराविक वेगाने अर्धा तास चालवावी लागते. काकाची गाडी लाडावलेली आहे, तिला दोन्ही लागतं. काही गाड्यांना एकच डोळा असतो, काहींना पुढच्या बंपरमध्ये आणखी एक. प्रत्येक कंपनीची पाटी निराळी, आणि यंत्रातल्या प्रोग्रॅमचे दर वर्षी नव्याने पैसे भरावे लागतात. काच कंपनीची घेतली तर महाग. दुसरी घेतली तर स्वस्त, पण कधी कधी तिच्यातून कॅमेऱ्याला किंचित लहरी दिसतात आणि सगळं दोनदा करावं लागतं. काकाने दुसरी घेतली, हे त्याने तुला सांगितलं नसेल. टायरमधली हवा सारखी हवी, डिकी रिकामी हवी, नाहीतर गाडी मागे बसते आणि कॅमेरा आभाळाकडे बघत शिकतो. म्हणून ते डबे.

आणि सगळ्यात मोठा खर्च जागेचा. गाडीच्या पुढे मोकळी जागा लागते, प्रकाश सगळीकडून सारखा लागतो, भिंतीवर चकाकणारं काही चालत नाही. माझी शेड त्यासाठीच एवढी मोठी घेतली.

तू बघायला हवीस ती शेड. जमीन नवी करून घेतली. गवंड्याला तुझाच नियम सांगितला, 'दर दोन हातांना बोटभर उतार, पाणी थांबता कामा नये.' तो म्हणाला, ताई, कुठे शिकलात? संध्याकाळी नळी सोडली की पाणी डाव्या हाताच्या गटाराकडे असं पळतं की बघत राहावं.

एक मोठी गोष्ट. एक बाई आहेत, त्यांच्या बारा व्हॅन आहेत. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेतात, आणतात. २ एप्रिलला पहिली व्हॅन घेऊन येणार आहेत. पसंत पडलं तर बाराही माझ्याकडे. मग बाबांची ती खुर्ची कुणीही घेवो.

तुझी मुंगी

१५ मार्च

मुंगे,

नर्सबाईने तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला कळावं म्हणून, दुसऱ्यांदा तिला कळावं म्हणून.

मला तर लगेच कळलं. माझा चष्मा पडला होता, आठवतं? दुकानदाराने नवी काच घातली आणि काडी सरळ न करताच नाकावर ठेवली. चार दिवस मी दाराच्या चौकटीला खांदा आपटत होते. परत गेले, त्याने चिमट्याने काडी एवढीशी वाकवली आणि पैसे मागितले. मी म्हटलं, वाकवायचे पैसे? तो म्हणाला, वाकवायचे नाहीत आजी, किती वाकवायची ते कळण्याचे. तेव्हा राग आला होता. आता काकाला हेच ऐकवलं, माझं म्हणून.

पण मुंगे, आता जे सांगते ते हसण्यावारी नेऊ नकोस. काका मला परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. गाडी चालता चालता चाक आपणहून डावीकडे सरकतं. काका उजवीकडे ओढतो, ते पुन्हा डावीकडे. दोघांचं भांडण मी शेजारी बसून बघत होते. नंतर रिकाम्या रस्त्यावर, समोर कुत्रंसुद्धा नाही, गाडीने गचकन ब्रेक मारला. माझी पिशवी पायाशी, आणि मागून एक रंगाचा डबा घरंगळत येऊन काकाच्या बुटापाशी उघडला. त्याचा एक बूट आता आभाळी आहे.

मी काकाला म्हटलं, रंग चांगला आहे. पण आतून मला बरं वाटलं नाही. त्या बाईंच्या व्हॅनमध्ये माझ्यासारखी माणसं बसणार आहेत. खरं काय ते लिही.

आजी

२० मार्च

आजी,

खरं तेच लिहिते. काकाने काच स्वस्तातली घेतली, मी तेव्हाच सांगितलं होतं. काम झालं तेव्हा यंत्राने हिरवा दिवा दिला. हिरवा दिवा म्हणजे बरोबर. माझ्या बाजूने काही चुकलेलं नाही. काकाला पुन्हा यायला सांग, कंपनीची काच घालू.

शाळेतल्या एक बाई आहेत, त्यांचीही गाडी डावीकडे ओढते म्हणून फोन आला होता. त्यांची काच कंपनीचीच होती, पण त्यांचे टायर झिजलेत, त्यामुळे असेल.

मी रोज पाटीचा स्टँड लेझरने सरळ करते, त्यावरच्या लेव्हलमधला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत. इतकं कुणी करत नाही. दिवसभर काम, मग जमीन धुते, पाणी निघून जातं, शटर ओढते. २ तारखेची तयारी चालू आहे. तू काळजी करू नकोस, आणि बाबांना यातलं काही सांगू नकोस.

मुंगी

२४ मार्च

मुंगे,

तुझं पत्र रागाचं आहे. तुझ्या रागाला मी ओळखते. लहानपणी भात सांडलास की ताटाला रागवायचीस.

नर्सबाईने पत्र वाचलं आणि मी तिला म्हटलं, थांब, पाण्याचं पुन्हा वाच. मग म्हटलं, त्याआधीच्या पत्रातलंही पाण्याचं वाच. तिने शोधून वाचलं. पाणी डाव्या हाताच्या गटाराकडे पळतं. काकाची गाडी डावीकडे ओढते. शाळेतल्या बाईची गाडी डावीकडे ओढते. त्या बाईची काच चांगली आहे.

मुंगे, तू पाटी सरळ करतेस, बुडबुडा मध्ये आणतेस. पाटी ताठ उभी. पण गाडी कुठे उभी आहे? उतारावर. ती डाव्या कुशीवर कलली आहे आणि समोरची पाटी ताठ आहे. बिचाऱ्या डोळ्याला वाटतं, कललेलं असणं म्हणजेच सरळ. तू त्याला मन लावून चुकीचं शिकवते आहेस.

आणि ते मी तुला शिकवलं.

पस्तीस वर्षं मी लोकांच्या घरात जमिनी केल्या. न्हाणीघरं, ओटे, अंगणं. माझ्या हाताखालून गेलेली एकही जमीन पाणी धरून बसली नाही, आणि त्याचा मला असा ताठा, की तुला चालता येत नव्हतं तेव्हापासून उताराचं ऐकवत आले. तुला हे कधी सांगितलं नाही की सगळ्याच जमिनींना उतार नको असतो. मला तशी जमीन कधी कुणी सांगितलीच नव्हती. तुझी जमीन उत्तम आहे, मुंगे. गाड्या धुवायला.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ. पारदर्शक नळी आण, पंधरा हात लांब. ती पाण्याने भर. आत एकही बुडबुडा ठेवू नकोस, बुडबुडा राहिला तर नळीसुद्धा खोटं बोलते. एक टोक पुढच्या डाव्या चाकाच्या जागी धर, दुसरं उजव्या. दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर थांबतं. तिथे खडूने खूण कर आणि खुणेपासून जमिनीपर्यंत मोज. मग मागच्या चाकांचं, मग पाटीच्या जागेचं. यंत्राचा दिवा हिरवा होवो नाहीतर जांभळा, पाणी कुणाची भीड धरत नाही.

फरक निघाला तर अख्खी जमीन फोडू नकोस. चार चाकांखाली चार ओटे कर, आणि पाटीखाली एक पट्टा, पाचही एका पाणसळीत, म्हणजे नळीतलं पाणी सगळीकडे एकाच उंचीला. आणि ओटे झाले की लगेच गाडी चढवू नकोस. आठ दिवस सिमेंट ओलं ठेव.

नर्सबाई म्हणते, आजी, रडताय का? लिही म्हटलं, नाही. डोळ्यात ते डॉक्टरचं औषध घातलंय.

आजी

३१ मार्च

आजी,

नळी आणली. पहिल्यांदा बुडबुडा राहिला, तेव्हा फरक नाही असं दिसलं आणि मी नाचले. मग बुडबुडा दिसला.

डावी बाजू दोन बोटं खाली आहे. दोन बोटं, आजी! कोर्समध्ये सांगितलं होतं, जमीन समपातळीत लागते. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं. आणि घरी येऊन गवंड्याला तुझा नियम सांगितला, कारण माझ्या डोक्यात चांगली जमीन म्हणजे तुझीच. तुझ्या जमिनीवर शंका घ्यायची असते हे मला कधी सुचलंच नाही. यंत्र थोडाफार फरक चालवून घेतं, म्हणून हिरवा दिवा.

या जमिनीवर मी अकरा गाड्या शिकवल्या.

परवा २ तारीख. ओटे केले तर आठ दिवस काम बंद. बाई व्हॅन घेऊन दारात येणार. दुपारपासून मी खुर्चीवर बसून एकच विचार करते आहे. व्हॅन घ्यावी, याच जमिनीवर, पाटी थोडी तिरकी करून अंदाजाने जुळवावी. दिवा हिरवा येईल. त्यांना कळणार नाही. बारा गाड्यांचं काम मिळालं की आधीच्या अकरांचं गुपचूप बघता येईल. उलट त्यांना आत्ता सांगितलं तर बहुतेक शेडच बंद करावी लागेल, आणि बाबांची खुर्ची आहेच.

तुला विचारत नाहीये. तुझं उत्तर यायला आठ-दहा दिवस लागतील, तोवर परवा होऊन गेलेला असेल. पण कुणाला तरी लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मुंगी

५ एप्रिल

मुंगे,

तुझी २ तारीख कशी गेली मला माहीत नाही, आणि हे पत्र उशिराच पोचणार. म्हणून काय कर ते सांगत नाही. एक गोष्ट सांगते, तीही नर्सबाई पहिल्यांदाच ऐकते आहे.

बाजारामागच्या दवाखान्याच्या पायऱ्या मी केल्या होत्या, तुझा बाप पोटात होता तेव्हा. पाच पायऱ्या. चौथी अर्धं बोट उंच झाली. मला कळलं. ठेकेदाराला म्हटलं, फोडून करते. तो म्हणाला, अगं, अर्धं बोट कोण बघतं, उद्या उद्घाटन आहे. मी गप्प बसले. मजुरी घेतली.

कुणीही पडलं नाही तिथे, असं धरून चाल. मला कुणी बोललं नाही. पण आजही त्या दवाखान्यात जाताना चौथ्या पायरीवर माझा पाय आपोआप जास्त उचलला जातो. मागच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातानाही, ते तिथेच बसतात. काका म्हणाला, आई, काय झालं? म्हटलं, गुडघा.

बाकी तुझं तू बघ. काही झालं तरी माझ्या खाटेवर तुला जागा आहे. काका उठला की.

आजी

१९ एप्रिल

आजी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ओट्यांवर ओली पोती टाकत होते. म्हणजे तुला कळलंच.

२ तारखेला बाई आल्या. मी शटर अर्धंच उघडलं आणि बाहेर येऊन सांगितलं, तुमची व्हॅन आज घेऊ शकत नाही, माझी जमीन चुकली आहे, अकरा गाड्या चुकीच्या झाल्यात, त्या आधी नीट करणार आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शटरकडे बघितलं, व्हॅनमध्ये बसल्या आणि गेल्या. मी तिथेच पायरीवर बसले. (पायरी सरळ आहे, बघितली.)

मग ओटे केले. गवंडी म्हणाला, ताई, मागच्या वेळी उतार, आता पाणसळ, तुमचं नक्की काय आहे? म्हटलं, माझी आजी आहे. आठ दिवस ओले ठेवले. त्या आठ दिवसांत अकरा जणांना फोन केले. एकाने असं काही ऐकवलं की ते नर्सबाईंना मोठ्याने वाचता येणार नाही, आणि गाडी दुसरीकडे नेली. एक जण दुसऱ्या गावी राहायला गेलेत, त्यांना तिथली एक चांगली जागा शोधून दिली. नऊ गाड्या आल्या. नऊही पुन्हा केल्या. पैसे घेतले नाहीत. शाळेतल्या बाईंचे टायर उत्तम आहेत, त्यांची माफी मागितली.

काकाची परवा झाली. काच तीच ठेवली, स्वस्तातली. नीट शिकवल्यावर तीही चालली! काका म्हणाला, "मग कंपनीची घे म्हणत होतीस ते?" मी म्हटलं, काका, तेही माझंच चुकलं. तो इतका खूश झाला की डबे स्वतःहून उतरवले.

आणि १६ तारखेला बाई पुन्हा आल्या. न सांगता. आत आल्या, पर्समधून पाण्याची बाटली काढली, एका ओट्यावर आडवी ठेवली आणि उकिडव्या बसून बघत राहिल्या. बाटली हलली नाही. मग दुसऱ्या ओट्यावर, तिसऱ्या, चौथ्या. उठल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या, "बारा वर्षं गाड्या चालवते आहे. काम चुकलं म्हणून आपणहून परत कुणी बोलावलं नव्हतं." मी म्हटलं, तुम्हाला कुठे बोलावलं, तुम्हाला तर परत पाठवलं. त्या हसल्या. दोन व्हॅन ठेवून गेल्या. "बाकीच्या दहांचं या दोघींना विचारून सांगते."

दोन्ही सरळ चालताहेत. बाबांना मी स्वतःच सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आहे: खुर्ची दुसऱ्याला दिली.

भिंतीवर एक फळा लावलाय. कॅमेऱ्याचा खर्च कशामुळे वाढतो, कशामुळे कमी होतो, सगळं मोठ्या अक्षरात: कुठली गाडी, कुठली काच, किती डोळे, पाटी की रस्ता की दोन्ही. सगळ्यात वर लिहिलंय 'जमीन'. त्याच्याखाली तुझी सही काढली आहे, आडवी रेघ. लोक विचारतात हे काय. मी सांगते, मालकीण.

तुला काय पाठवू?

मुंगी

२५ एप्रिल

मुंगे,

मालकिणीला पगार किती ते फळ्यावर लिहिलेलं नाही, हे नर्सबाईच्याही लक्षात आलं.

पत्र वाचून झाल्यावर तिने त्याची घडी घातली. मग म्हणाली, आजी, उद्या माझी सुट्टी आहे, त्या चौथ्या पायरीचं दवाखाना चालवणाऱ्या बाईंशी बोलू का? मी म्हटलं, आता कोण फोडणार? ती म्हणाली, विचारायला काय जातं. विचारून आली. पुढच्या महिन्यात पायऱ्यांचं काम निघणारच आहे म्हणे. मी सांगून ठेवलंय, नळी मी धरणार, खुर्चीत बसून. मी सांगेन त्यात कुणी बदल करायचा नाही.

काकाच्या गाडीतून काल गेले. चाक आपल्या जागी. ब्रेक आपल्या जागी. काका सगळ्या रस्ताभर दोन बोटांनी चाक धरून बसला होता आणि सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याला सांगत होता, "माझ्या पुतणीने केलंय, पैसे जास्त घेते पण काम असं करते." तो एक बूट आभाळी आहे तो आहेच. दुसराही तसाच रंगवून घेतला. आता म्हणतो, फॅशन आहे.

त्या दहा व्हॅनचं मनाला लावून घेऊ नकोस. येतील त्या येतील. भिंतीवर नव्या रेघा ओढायला सुरुवात केली आहे, तुझ्या पुढच्या पत्रासाठी. आज दुसरी.

आणि काय पाठवू म्हणतेस, तर ऐक. माझ्या वरच्या दातांनी राजीनामा दिलाय, तेव्हा गाजराचं सूप पाठव, मिरी जरा जास्त घालून. काका शनिवारी रंग आणायला तुझ्या बाजूला येतोय, त्याच्याच हाती दे. रुंद तोंडाच्या पातेल्यात घाल, काठोकाठ भर, वर नुसती ताटली ठेव, बांधू नकोस, आणि पातेलं त्याच्या त्या पांढऱ्या सीटवर ठेव. घरी पोचल्यावर सीट मी स्वतः बघणार आहे. एक थेंबही केशरी दिसला, तर गाडी परत तुझ्याकडे आणि सूप दुसरं.

आजी

(सही. रेघ सरळ आहे, नर्सबाईने नळी लावून बघितली.)